‘स्केट’ मालिका मोफत झाली: नवा खेळ सुरू कसा करावा, शिकावा कसा आणि खर्चावर लक्ष कसे ठेवावे

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या कंपनीच्या ‘स्केट’ या स्केटबोर्डिंगच्या व्हिडिओ खेळांच्या मालिकेतील नवा खेळ 16 सप्टेंबर 2025 रोजी अर्ली ॲक्सेस स्वरूपात, म्हणजे पूर्ण तयार होण्याआधीच, खुला झाला आणि तो खेळण्यासाठी कोणालाही एक रुपयाही मोजावा लागला नाही. या मालिकेचे आधीचे तीन मुख्य खेळ 2007, 2009 आणि 2010 साली आले होते. तेव्हा व्यवहार सरळ होता: पूर्ण किंमत द्यायची, डिस्क घरी आणायची, आणि मग तो खेळ आपला. तिसऱ्या खेळानंतर मालिका थंडावली. ती बनवणारा ‘ईए ब्लॅक बॉक्स’ हा स्टुडिओ 2013 मध्ये बंद झाला, तरीही यूट्यूबवरच्या पडापडीच्या विनोदी व्हिडिओंमुळे ‘स्केट 3’ची मागणी पुन्हा वाढली आणि चौथ्या भागासाठी चाहत्यांनी कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक पोस्टखाली वर्षानुवर्षे तगादा लावला. अखेर जून 2020 मध्ये नव्या खेळाची घोषणा झाली, जानेवारी 2021 मध्ये त्यासाठी व्हँकुव्हरमध्ये ‘फुल सर्कल’ हा नवा स्टुडिओ जाहीर झाला, आणि जुलै 2022 मध्ये कंपनीने स्पष्ट केले की या खेळाच्या नावापुढे 4 हा आकडा नसेल, तो मोफत असेल आणि वर्षानुवर्षे चालू राहणारी सेवा म्हणून चालवला जाईल.

ज्यांनी जुने भाग खेळले आहेत आणि आता या नव्या व्यवस्थेत शिरायचे आहे, तसेच ज्यांनी स्केटबोर्डिंगचा खेळ कधी हाती घेतला नाही पण ‘फुकट आहे तर पाहू’ असे ज्यांना वाटते, त्या दोघांसाठी हा लेख आहे. त्यातील पायऱ्यांचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे: आधी खेळ शिकावा, मग त्यावर खर्च करायचा की नाही ते ठरवावे. या खेळात पैसे देऊन मिळतात ते कपडे, बोर्डाची सजावट आणि तत्सम दिखाऊ वस्तू. नीट बसलेली किकफ्लिप (बोर्ड हवेत लोळवून पुन्हा पायाखाली घेण्याची युक्ती) मात्र अंगठ्याच्या सरावाशिवाय कोणालाच मिळत नाही, आणि मालिकेचा खरा आनंद तिथेच आहे.

सुरुवातीआधी: ‘मोफत’ म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावे

मोफत खेळाचे अर्थकारण साधे आहे. बहुसंख्य खेळाडू काहीही देत नाहीत, काही जण थोडेफार देतात आणि मोजके लोक भरपूर देतात. या शेवटच्या दोन गटांच्या पैशावर सर्व्हर चालतात आणि नवा मजकूर तयार होतो. त्यामुळे फुकट खेळणारा माणूस कंपनीला नकोसा नसतो. रस्त्यावर गर्दी दिसावी, नवी टोपी घालून कोणी आले तर ती पाहायला चार लोक असावेत, यासाठी तो हवाच असतो. आपण काही देत नाही म्हणून संकोच बाळगण्याचे कारण नाही.

2022 साली कंपनीने या व्यवस्थेच्या मर्यादा स्वतःच जाहीर केल्या होत्या: पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ होता येणार नाही, पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्या नसतील आणि शहराचा कोणताही भाग पैशांच्या भिंतीआड ठेवला जाणार नाही. ही वचने लक्षात ठेवावीत आणि प्रत्येक नव्या सीझनची (ठरावीक काळाने येणाऱ्या नव्या मजकुराच्या टप्प्याची) माहिती त्यांच्याशी ताडून पाहावी. सेवा म्हणून चालणाऱ्या खेळाचे नियम दर काही महिन्यांनी बदलू शकतात. डिस्कवरच्या खेळाचे बदलत नसत.

या सौद्याची दुसरी बाजू अशी की हा खेळ इंटरनेटशिवाय चालत नाही. संपूर्ण शहर सर्व्हरवर जिवंत असते आणि एका सर्व्हरवर 150 पर्यंत खेळाडू एकत्र फिरतात, म्हणून एकट्याने खेळायचे असले तरी जोडणी लागतेच. ज्यांच्या गावात वीज दुपारी दोन तास जाते, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. राउटर इन्व्हर्टरवर घेतलेला नसेल तर लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असूनही खेळ थांबेल.

पहिली पायरी: हाच खेळ हवा आहे का, ते ठरवावे

स्केटबोर्डिंगच्या खेळांत दोन घराणी आहेत असे म्हणता येईल. ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ मालिकेत बटणे दाबून अशक्य कोटीतल्या करामतींची लांबच लांब साखळी जोडायची आणि दोन मिनिटांत गुणांचा डोंगर उभा करायचा, हा आनंद असतो. ‘स्केट’ मालिका 2007 साली नेमकी याच्या उलट दिशेने आली: कॅमेरा जमिनीलगत, वेग माणसाच्या आवाक्यातला, आणि एकच युक्ती एका पायऱ्यांच्या जिन्यावर मनासारखी जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून पाहण्याची मोकळीक. ज्यांना पहिला प्रकार आवडतो त्यांनी 2020 साली आलेला ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर 1 + 2’ किंवा जुलै 2025 मध्ये आलेला ‘3 + 4’ विकत घ्यावा. तो एकदा पैसे देऊन घ्यायचा खेळ आहे आणि त्यांच्यासाठी तोच सौदा चांगला ठरेल. ज्यांना ‘स्केट’पेक्षाही कठोर वास्तववाद हवा आहे, त्यांच्यासाठी ‘सेशन’ आणि ‘स्केटर एक्सएल’ हे दोन खेळ आहेत. त्यांत कंट्रोलरच्या दोन स्टिक म्हणजे दोन पाय असा हिशेब असतो आणि साधी उडी जमायलाही बराच घाम गाळावा लागतो.

जुन्या चाहत्यांनी आणखी एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. ‘स्केट 3’मध्ये नामांकित स्केटर भेटत, संघ उभारायचा असे, आणि कोच फ्रँक या पात्राच्या आवाजात अभिनेता जेसन ली वेड्यासारखे सल्ले देत असे. नवा खेळ खुला झाला तेव्हा त्यात तसे कथानक नव्हते. आहे ते सॅन व्हॅन्स्टरडॅम नावाचे शहर, त्यातील आव्हाने आणि रस्त्यावरचे इतर खेळाडू. दृश्यशैलीही जुन्यापेक्षा अधिक रंगीत आणि गुळगुळीत आहे, तर ‘व्ही’ नावाची बोलकी सहायिका अनेकांना पहिल्या तासातच नकोशी होते. माझे मत विचाराल तर बोर्ड पायाखाली आल्यानंतरचा भाग अव्वल आहे आणि त्याभोवतीची सजावट सुमार आहे. ज्याला सजावटीसाठी खेळायचे आहे त्याची निराशा होईल.

दुसरी पायरी: यंत्र, डाउनलोड आणि खोट्या ॲपपासून सावधगिरी

हा खेळ पीसी, प्लेस्टेशन 4 व 5 आणि एक्सबॉक्स वन व सिरीज एक्स आणि एस या यंत्रांवर उपलब्ध झाला. पीसीवर तो स्टीम, एपिक गेम्स स्टोअर किंवा ईएचे स्वतःचे ॲप यांपैकी कोठूनही घेता येतो. कोठून घ्यावा हे ठरवताना एकच निकष लावावा: पुढेमागे काही विकत घेतलेच तर पैसे कोणत्या दुकानात सोयीने आणि मर्यादेत भरता येतील? आपल्याकडे स्टीमवर यूपीआयने पैसे भरता येतात आणि किमती रुपयांत दिसतात, म्हणून बहुतेकांना स्टीमच बरे पडते. डाउनलोड करण्यापूर्वी दुकानाच्या पानावरील किमान यंत्रणेची यादी आणि फसवणूकविरोधी सॉफ्टवेअरबाबतची ओळ जरूर वाचावी. विशेषतः लिनक्स किंवा हाती धरायच्या पीसीवर खेळण्याचा विचार असेल, तर ही ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कन्सोलवाल्यांसाठी चांगली बातमी अशी की मोफत खेळ ऑनलाइन खेळण्यासाठी प्लेस्टेशन प्लसचे सदस्यत्व लागत नाही, आणि एक्सबॉक्सनेही एप्रिल 2021 पासून मोफत खेळांसाठी सशुल्क सदस्यत्वाची अट काढून टाकली आहे. दुकानदाराने ‘ऑनलाइन आहे, मेंबरशिप घ्यावीच लागेल’ असे सांगितले तर ते या खेळापुरते खरे नाही.

मोबाइलवरील आवृत्तीबाबत मात्र सावध राहावे. कंपनीने मोबाइलसाठी काम चालू असल्याचे सांगितले होते, आणि अशा घोषणेनंतर त्याच नावाच्या बनावट फायली इंटरनेटवर हमखास फिरू लागतात. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक, ‘आधीच मिळालेली’ एपीके फाइल (अँड्रॉइड ॲपची फाइल) किंवा खेळातले चलन फुकट देण्याचा दावा करणारे ‘मोफत बक्स जनरेटर’ यांपैकी कशालाही हात लावू नये. अधिकृत ॲप स्टोअरवर प्रकाशक म्हणून इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे नाव दिसत नसेल तर तो खेळ हा नव्हेच. फोनवरच बोटाने बोर्ड फिरवायची हौस असेल तर ‘ट्रू स्केट’ हा 2012 पासून चालत आलेला खेळ पाहावा. त्यात पडद्यावर बोट जसे फिरवाल तसा बोर्ड फिरतो.

तिसरी पायरी: खाते एकच ठेवावे

खेळ सुरू होताच ईए खात्याने प्रवेश करावा लागतो. ज्यांनी पूर्वी कधी ईएचे फिफा किंवा बॅटलफील्ड हे खेळ खेळले आहेत त्यांचे असे खाते बहुधा असतेच, फक्त ते कोणत्या ईमेलवर आहे हे आठवत नसते. घाईने नवे खाते काढण्यापूर्वी जुने ईमेल तपासावेत. या खेळात एका यंत्रावरची प्रगती दुसऱ्या यंत्रावर आपोआप दिसते, पण ती ईए खात्याशी बांधलेली असते. कन्सोल एका खात्याला आणि पीसी दुसऱ्या खात्याला जोडला गेला की दोन अर्धवट खेळाडू तयार होतात आणि नंतर जोडणी बदलण्यासाठी मदतकेंद्राच्या दारात उभे राहावे लागते.

खाते हाती आल्यावर तीन कामे लगेच उरकावीत. पासवर्ड वेगळा ठेवावा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी आणि जन्मतारीख खरी लिहावी. तिसरे काम क्षुल्लक वाटते, पण मुलाच्या खात्यावर वडिलांचे वय टाकले की वयानुसार लागू होणारी सगळी बंधने त्याच क्षणी निकामी होतात.

चौथी पायरी: हातात कंट्रोलर, मगच शहरात

या मालिकेचे नियंत्रण ‘फ्लिक-इट’ या नावाने ओळखले जाते आणि ते कंट्रोलरच्या उजव्या स्टिकसाठीच जन्माला आले आहे. कळफलकावर ते शिकण्याचा प्रयत्न करू नये. साधा वायर असलेला कंट्रोलर पुरतो. मात्र जुन्या कंट्रोलरची उजवी स्टिक हात न लावता सरकत असेल, म्हणजेच तिला ड्रिफ्ट आला असेल, तर हा खेळ त्यावर खेळणे म्हणजे स्वतःला शिक्षाच. येथे स्टिकच्या किंचित कलण्यालाही अर्थ असतो. सेटिंगमध्ये डेडझोनचा (स्टिक किती कलल्यावर हालचाल धरायची, ते ठरवणारा) पर्याय मिळाला तर तो थोडा वाढवून पाहावा.

त्याच वेळी इतर दोन-चार गोष्टी लावून घ्याव्यात. टीव्हीवर खेळत असल्यास टीव्हीचा गेम मोड चालू करावा, कारण चित्र किंचित उशिरा आले तरी उडीची वेळ चुकते. कॅमेऱ्याचे पर्याय पाहावेत आणि बोर्ड व पाय स्पष्ट दिसतील असा खालचा कोन जमतो का ते आजमावावे. अनोळखी लोकांचा आवाज नको असेल तर व्हॉइस चॅट येथेच बंद करून टाकावे.

पाचवी पायरी: फ्लिक-इट शिकण्याचा क्रम

येथे घाई करू नये. पहिला आठवडा या एका पायरीसाठी ठेवला तरी तो वाया जाणार नाही.

सर्वप्रथम आपला पवित्रा ठरवावा. डावा पाय पुढे ठेवून उभे राहणे हा नेहमीचा पवित्रा, उजवा पाय पुढे असेल तर गूफी. प्रत्यक्ष आयुष्यात ओल्या फरशीवरून घसरताना कोणता पाय आपसूक पुढे जातो, तो निवडावा. युक्त्यांच्या दिशा पवित्र्यानुसार उलटतात, म्हणून एकदा ठरवल्यावर महिनाभर तो बदलू नये.

उजवी स्टिक म्हणजे स्केटरच्या पायांचे वजन असे समजून चालावे. स्टिक खाली ओढली की मागचा पाय बोर्डाच्या शेपटीवर दाबला जातो आणि स्केटर गुडघ्यांत वाकतो. तेथून ती झटक्यात सरळ वर नेली की बोर्ड उसळतो, ही ओली. सगळ्या युक्त्यांचे मूळ हेच आहे. सपाट जागी उभे राहून ही उडी मारत राहावे, आणि पाहावे की खाली ओढून किती वेळ थांबल्यावर उडीची उंची बदलते. बहुतेक नवशिके स्टिक खाली ओढतात आणि बोट सोडून देतात. सोडलेली स्टिक आपोआप मध्यावर येते, पण तिला झटका नसतो, म्हणून उडी लागत नाही. अंगठा स्टिकवरून न उचलता ती खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत न्यायची असते.

ओली दहापैकी नऊ वेळा जमू लागली की वर जाणारी रेघ थोडी तिरकी करावी. स्टिक खाली ओढून वर नेताना एका बाजूच्या कोपऱ्याकडे नेली तर किकफ्लिप होते आणि दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्याकडे नेली तर हीलफ्लिप. कोणत्या बाजूला कोणती, हे पवित्र्यावर अवलंबून असते, म्हणून दोन्ही करून पाहावे आणि बोर्ड कोणत्या अंगाने लोळतो ते लक्ष देऊन पाहावे. मग स्टिक खालून वर सरळ न नेता कडेकडेने वळवून आणण्याचा सराव करावा. बोर्ड उताणा न होता आडवा फिरला की शव्ह-इट जमली. हे सगळे वर आणि खाली उलट करून, म्हणजे आधी स्टिक वर ढकलून मग खाली आणून केले, तर उडी बोर्डाच्या पुढच्या टोकावरून लागते आणि तिला नॉली म्हणतात. अशा रीतीने अंगठ्याच्या चार-पाच हालचालींतून बघता बघता पंधरा-वीस युक्त्या तयार होतात. बटणांचे पाठांतर करावे लागत नाही, आणि म्हणूनच एकदा बसलेला हात वर्षभराने परतला तरी चालतो.

मॅन्युअल, म्हणजे दोनच चाकांवर तोल सांभाळत जाणे, सगळ्यांना छळते. त्यासाठी स्टिक पूर्ण खाली न ओढता अगदी किंचित कलवून धरायची असते. ती थोडी जास्त ओढली गेली की स्केटर उडीसाठी वाकतो आणि तोल मोडतो. सपाट रस्त्यावर मध्यम वेगात याचा सराव करावा. चढावर किंवा उतारावर सुरुवात करू नये.

ग्राइंडसाठी, म्हणजे रेलिंगवर किंवा कट्ट्याच्या कडेवर घासत जाण्यासाठी, ‘टोनी हॉक’मध्ये असते तसे वेगळे बटण येथे नाही. बोर्ड कोणत्या कोनातून आणि कोणत्या उंचीवरून कडेवर उतरतो, त्यावर ग्राइंडचा प्रकार ठरतो. म्हणून सुरुवातीला लांब रेलिंगचा मोह टाळून गुडघ्याएवढ्या उंचीचा एक कट्टा शोधावा, त्याला जवळजवळ समांतर यावे, थोडे तिरके होऊन अगदी जवळ गेल्यावर ओली मारावी आणि त्यानंतर स्टिकला हात लावू नये. हवेत असताना दुरुस्ती करण्याची ओढ फार असते, आणि बहुतेक पडझड त्या ओढीतूनच होते.

सरावाचे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे सेशन मार्कर. आवडलेल्या जागी मार्कर ठेवला की प्रत्येक प्रयत्नानंतर क्षणात तेथेच परतता येते. एक जागा आणि एक युक्ती निवडून ती सलग तीनदा स्वच्छ जमेपर्यंत मार्कर हलवू नये. शहर पाहायला सगळे आयुष्य पडले आहे.

सहावी पायरी: शहरात फिरावे आणि खेळूनच कमवावे

सॅन व्हॅन्स्टरडॅमचे चार भाग आहेत: हेजमाँट, गलक्रेस्ट, मार्केट माइल आणि ब्रिक्सविच. या खेळात बोर्डावरून उतरून भिंती आणि इमारतींवर चढता येते, त्यामुळे छपरांवरच्या जागाही स्केटिंगच्या झाल्या आहेत. ‘हाउस ऑफ रोलिंग रेव्हरन्स’ नावाचे एक जुने प्रार्थनास्थळ स्केटपार्कमध्ये बदललेले आहे. नवशिक्यांनी तेथे जरूर जावे, कारण आत उताराचे, कट्ट्याचे आणि रेलिंगचे सगळे नमुने थोड्या जागेत मिळतात आणि बसून इतरांचे पाहताही येते.

आव्हाने पूर्ण केल्याबद्दल ‘रिप चिप्स’ हे खेळातले चलन मिळते, तर ‘सॅन व्हॅन बक्स’ हे दुसरे चलन खऱ्या पैशांनी घ्यायचे असते. ही दोन नावे पहिल्याच दिवशी डोक्यात वेगळी ठेवावीत. एखादी वस्तू दिसली की प्रथम पाहावे की तिच्या किमतीसमोरचे चिन्ह कोणत्या चलनाचे आहे. आपण कमावलेल्या चलनात जे मिळते ते आधी घ्यावे, आणि निदान पहिला महिना दुसऱ्या चलनाच्या दालनात फक्त बघ्यासारखे हिंडावे.

रोजची आणि आठवड्याची आव्हाने ही आपल्याला परत खेचण्यासाठी रचलेली असतात, हे ओळखून असावे. आज स्केटिंग करायची इच्छा नाही, पण ‘आव्हान बुडेल’ म्हणून खेळ उघडला जातो आहे, असे वाटले की त्या दिवशी तो उघडू नये.

सातवी पायरी: पैसे खर्च करायचेच असतील तर

मोफत खेळावर खर्च करणे हा काही गुन्हा नाही. ज्या खेळाने तीन महिने करमणूक केली त्याला चार-पाचशे रुपये देणे रास्तच आहे. अडचण असते ती किंमत नीट दिसत नाही ही, कारण पैसे आणि वस्तू यांच्यामध्ये खेळातले चलन उभे असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा 1,000 बक्सचा गठ्ठा ₹800 ला मिळतो आणि आपल्याला हवे असलेले जाकीट 700 बक्सचे आहे. दर बक्समागे 80 पैसे, म्हणजे जाकिटाची किंमत ₹560 होते. परंतु 700 बक्सचा गठ्ठाच विक्रीला नाही, म्हणून खिशातून गेले ₹800 आणि खात्यात उरले 300 बक्स. आता एक बोर्ड दिसतो, 600 बक्सचा. ‘निम्मे तर आहेतच’ असे म्हणून आणखी ₹800 भरले की बोर्ड घेऊन झाल्यावर पुन्हा 700 बक्स शिल्लक राहतात, आणि ही शिल्लक पुढच्या खरेदीचे निमित्त होऊन बसते. यावर उपाय असा की दुकान उघडण्यापूर्वी वस्तूची किंमत कागदावर रुपयांत लिहावी, आणि ती लिहिताना पूर्ण गठ्ठ्याचे रुपये लिहावेत, वस्तूपुरते बक्स लिहू नयेत. ₹800 चे जाकीट हवे आहे का, हा प्रश्न ‘700 बक्सचे जाकीट हवे आहे का’ यापेक्षा बराच वेगळा वाटतो.

‘स्केट पास’ म्हणजेच सीझनचा पास घेताना आणखी एक युक्ती लागू पडते. अशा पासमध्ये एक मोफत आणि एक सशुल्क रांग असते, आणि खेळत जाल तसे टप्पे उघडतात. बहुतेक खेळांत पास सीझनच्या शेवटी घेतला तरी तोवर ओलांडलेल्या टप्प्यांची बक्षिसे एकदम हाती येतात. आपल्या पासच्या पानावर तसेच लिहिलेले आहे याची खात्री करून घ्यावी आणि असल्यास खरेदी शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवावी. तेव्हा आपण किती टप्पे ओलांडले हे डोळ्यांसमोर असते, आणि अनेकदा असे लक्षात येते की हवी असलेली वस्तू मोफत रांगेतच मिळून गेली आहे.

पैसे भरण्याची पद्धतही मर्यादा घालते. क्रेडिट कार्ड खात्यात कायमचे साठवून ठेवू नये. ठरलेल्या रकमेचे गिफ्ट कार्ड घेऊन दुकानाच्या वॉलेटमध्ये तेवढीच रक्कम टाकावी, म्हणजे ती संपली की खरेदीही संपते. ईए प्लेसारखे (ईएच्या खेळांचे) मासिक सदस्यत्व घेतले असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आपोआप होणाऱ्या वसुलीपूर्वी बँकेकडून 24 तास आधी सूचना येते. ही सूचना जाहिरातींच्या संदेशांत हरवून जाते. ती आली की आपण ते सदस्यत्व वापरतो आहोत का, हे त्याच वेळी तपासावे.

आठवी पायरी: घरात मूल खेळत असेल तर

मुलाला मोठ्यांचे खाते देऊ नये, त्याचे स्वतःचे मुलाचे खाते काढून द्यावे. प्लेस्टेशनवर मुलाच्या खात्याची मासिक खर्चमर्यादा मुळातच शून्य असते आणि ती पालकांनी वाढवली तरच वाढते. एक्सबॉक्सच्या फॅमिली सेटिंग्ज ॲपमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी पालकांची परवानगी मागण्याची सोय आहे, तर स्टीमवर 2024 पासून स्टीम फॅमिलीजमध्ये पालकांना नियंत्रणे मिळतात. या सोयी लावायला पंधरा मिनिटे लागतात. यूपीआयचा पिन मुलाला तोंडपाठ असेल तर मात्र त्यांतील एकीचाही उपयोग नाही.

मर्यादा लावल्यावर मुलाशी आकड्यांत बोलावे. महिन्याला अमुक रुपये, त्यात हवे ते घे, संपले की पुढच्या महिन्यापर्यंत थांब. मित्राकडे जी टोपी आहे ती आपल्याकडे नाही, हे दुःख दहा-बारा वर्षांच्या मुलाला खरेच होते आणि त्यावर हसू नये. त्यापेक्षा शेजारी बसून त्याची एखादी युक्ती पाहावी. ती त्याने कमावलेली असते.

शेवटची पायरी: जुने भाग जपावेत आणि निघण्याची तयारी ठेवावी

ज्यांच्याकडे ‘स्केट 3’ची डिस्क आहे त्यांनी ती विकू नये. डिस्क वाचू शकणाऱ्या एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्सवर ती चालते, एकट्याने खेळायला सर्व्हर लागत नाही, आणि इंटरनेट बंद असलेल्या रात्री त्यातील पोर्ट कार्व्हर्टन शहर जसेच्या तसे हजर असते. नवा खेळ शिकणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे: त्यात सोपी, मध्यम आणि हार्डकोर अशा तीन पातळ्या आहेत, आणि हार्डकोरवर काही दिवस घालवून नव्या खेळात परतले की अंगठ्याची अचूकता वाढलेली स्पष्ट जाणवते.

नव्या खेळात घेतलेल्या वस्तू सर्व्हर चालू असेपर्यंतच आपल्या असतात. म्हणून चांगल्या जमलेल्या धावांचे रिप्ले फाइल म्हणून आपल्या यंत्रावर उतरवून ठेवावेत. खेळ सोडायचा ठरला तर आधी उरलेले बक्स एखाद्या वस्तूवर खर्चून टाकावेत, मासिक सदस्यत्व असल्यास ते दुकानाच्या सेटिंगमधून रद्द करावे आणि रद्द झाल्याचा ईमेल येईपर्यंत थांबावे. नुसता खेळ काढून टाकल्याने वसुली थांबत नाही. त्यानंतर साठवलेले कार्ड काढावे, आणि ईए खाते मात्र तसेच राहू द्यावे. दोन सीझननंतर परत यावेसे वाटले, तर मिळवलेल्या वस्तू आणि प्रगती त्याच खात्यात असतात.